एका दिव्याला एक लाख बरण्या

गोष्ट गेल्या जयंतीची आहे. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला दुपारी सर्वांचे एकत्र जेवण असते. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी असा बेत होता. अंदाज चुकला. दोन पातेली भात उरला आणि पत्रावळींत टाकलेले अन्न त्याहून जास्त निघाले. एप्रिलमधले सोलापूर म्हणजे पेटती भट्टी. रात्री मिरवणूक पाहून परत येईपर्यंत विहारामागच्या दोन पिंपांतले अन्न आंबून फसफसायला लागले होते. सकाळी वासाने जवळ उभे राहवेना. कचरागाडीवरच्या ताईंनी नाकाला पदर लावला, पिंप आडवे केले आणि हातानेच पत्रावळी बाजूला काढल्या. आम्ही काही जण कट्ट्यावर बसून ते पाहत होतो. पाहताना आम्हाला आमची आई आठवली. तिने सफाईच्या कामात तीस वर्षे काढली होती.

त्यानंतर आठच दिवसांनी एक विक्रेता वस्तीत आला. चांगले इस्त्रीचे कपडे, हातात रंगीत चित्रांची पुस्तिका. तो म्हणाला, "तुमच्या खरकट्यात वीज आहे. खरकट्यातले जिवाणू वीज तयार करतात. आमचे यंत्र घ्या, पंचाहत्तर हजार रुपये भरा, विहाराचे दिवे कचऱ्यावर लागतील. महिन्याचे बिल शून्य." त्याच्याजवळ प्लॅस्टिकचा एक डबा होता. त्यात चिखल आणि भाताची पेज होती. दोन तारा जोडल्या आणि तांबडा बारीक दिवा लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बैठकीत बहुतेकांचे मत पडले की वर्गणी काढावी. घरटी दोन हजार काढले तर चाळीस घरांत रक्कम जमते. पण दोन हजार रुपये म्हणजे विडी वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरात किती दिवसांचा घाम असतो, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, नोकरीने कारकून. शास्त्र आमचा विषय नाही, पण जमाखर्च आहे. म्हणून आम्ही दोन महिन्यांची मुदत मागितली. "आधी पाहू, मोजू, मग पैसे काढू," एवढेच म्हणालो. त्या दोन महिन्यांत जे पाहिले आणि मोजले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

जिवाणू वीज कशी देतात?

पहिली गोष्ट ही की विक्रेता अगदीच खोटे बोलत नव्हता. जिवाणूंपासून वीज मिळते, हे शंभर वर्षांपेक्षा जुने शास्त्र आहे. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की किण्व आणि जिवाणू साखरेसारखे पदार्थ कुजवत असताना विजेचा बारीक प्रवाह मिळतो. किण्व म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतात ते यीस्ट. पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टपेक्षा जास्त दाब मिळवला, पण प्रवाह मात्र अगदीच क्षीण होता. दाब पुष्कळ आणि प्रवाह थोडा, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

हे घडते कसे, ते आपल्या कामाच्या भाषेत सांगतो. स्लॅब टाकताना मजूर रांगेने उभे राहतात आणि घमेले हातोहात वर जाते. शेवटच्या माणसाने घमेले ओतले नाही तर सगळी रांग अडते. अन्न पचवताना सजीवाच्या शरीरात असेच होते. अन्नाचे तुकडे होताना विजेचे अतिसूक्ष्म कण सुटतात. त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. ते हातोहात पुढे जातात आणि शेवटी कोणीतरी ते घ्यावे लागतात. आपल्या शरीरात ते काम श्वासातला प्राणवायू करतो. म्हणूनच श्वास कोंडला की माणूस जगत नाही.

आता तळ्याच्या तळाशी गाळात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू आपले इलेक्ट्रॉन गाळातल्या लोहाच्या संयुगांना देतात. १९८७ मध्ये अमेरिकेतील डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या गाळात असा एक जिवाणू सापडला. त्याच्या कुळाला पुढे जिओबॅक्टर असे नाव मिळाले. अशा जिवाणूंजवळ कार्बनचा तुकडा ठेवला तर ते लोहाऐवजी कार्बनला इलेक्ट्रॉन देतात. कार्बनला तार जोडायची आणि तारेचे दुसरे टोक हवेला लागून असलेल्या दुसऱ्या कार्बनला जोडायचे. इलेक्ट्रॉन तारेतून तिकडे जातात आणि हवेतला प्राणवायू ते घेतो. तारेतून इलेक्ट्रॉन वाहिले म्हणजेच वीज वाहिली. या योजनेला जैविक इंधन घट म्हणतात. यात अन्न जळत नाही, धूर होत नाही, काही फिरत नाही. जिवाणू जेवतात आणि त्यांच्या जेवणातला थोडा हिस्सा आपल्याला तारेतून मिळतो.

आमची बरणी

वाचून समाधान होईना. म्हणून वस्तीतली नववी-दहावीची पाच मुले आणि आम्ही मिळून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घट करायला बसलो. संभाजी तलावाच्या काठचा काळा गाळ आणला. त्यात मूठभर भात आणि आमटी कालवली. एका बाजूला तांब्याची तार खोचली, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेला खिळा. मीटर लावला तर त्याच क्षणी ०.८ व्होल्ट! मुले नाचायला लागली. अशा तीन बरण्या ओळीने जोडल्या तर बारीक दिवाही लागला. आम्हीही भुललो. त्याच रात्री वस्तीच्या समूहात मोबाइलवर फोटो टाकून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी मुद्दाम पाहायला आले. त्यांनी बरणी पाहिली, हसले आणि म्हणाले, "भात काढा आणि नुसते मिठाचे पाणी घाला." तसे केले. मीटर तितकाच! गुरुजी म्हणाले, "लिंबात तांबे आणि जस्त खोचल्यावर दिवा लागतो, तोच हा खेळ. इथे जिवाणू काही करत नाहीत. तुमचा खिळा झिजतोय आणि त्याची वीज तुम्हाला दिसतेय. खिळा संपला की दिवा संपला."

मुलांची तोंडे उतरली. आमचेही. पण त्या विक्रेत्याच्या डब्यातल्या दोन पट्ट्या आम्हाला आठवल्या. एक तांबूस होती आणि दुसरी करडी. त्याच्या डब्यात काय होते, ते आम्ही उघडून पाहिलेले नाही, म्हणून आरोप करत नाही. पण विचारायचा प्रश्न आम्हाला तेव्हा समजला. वाचकहो, असा दिवा कोणी आपल्याला दाखवला, तर आधी विचारा की दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कशाच्या आहेत. दोन वेगवेगळे धातू असतील तर दिवा कचऱ्यावर चाललेला नाही, धातूवर चाललेला आहे.

मग गुरुजींच्या मार्गदर्शनाने नव्याने मांडणी केली. दोन्ही बाजूंना एकच वस्तू, कार्बनचे जाड नमद्यासारखे कापड. एक तुकडा गाळाच्या तळाशी, दुसरा वर पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेला. गुरुजींनी आणखी एक बरणी भरायला लावली. तिच्यातला गाळ आधी चांगला उकळून घेतला, म्हणजे बहुतेक जिवाणू मरावेत. बाकी सगळे सारखेच. "फरक कशाने पडतो ते कळायला जोडीला दुसरी बरणी लागतेच," असे ते म्हणाले. खरे तर हा नियम फक्त बरणीला लागू नाही.

पहिले तीन दिवस दोन्ही बरण्या मुक्या. मुले रोज शाळेतून आल्यावर वहीत आकडे लिहीत. पाचव्या दिवशी न उकळलेल्या बरणीत आकडा हलला. बाराव्या दिवशी १००० ओहमचा रोधक जोडलेला असताना तिने ०.३ व्होल्ट दाखवले. उकळलेली बरणी बरेच दिवस शून्याजवळच राहिली. तेव्हा मात्र खरा आनंद झाला. ही वीज खिळ्याची नव्हती. तलावातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी आमच्या ताटातले खरकटे खाऊन ती दिली होती.

एका मुलाने हुरूप येऊन बरणीत वाटीभर भात-आमटी ओतली. दोन दिवसांत आंबूस वास सुटला आणि आकडा घसरला. गुरुजींनी कारण सांगितले. शिजलेले अन्न जास्त झाले की आंबवणारे जिवाणू आधी तुटून पडतात, आम्ल वाढते आणि वीज देणाऱ्या जिवाणूंना ते सोसत नाही. आपल्या अन्नात मीठ आणि तेलही असते. चिमूटभर खायचा चुना घातल्यावर आणि आठवडाभर उपास घडवल्यावर बरणी पुन्हा सावरली.

आता जमाखर्च

इथून पुढचे काम आमच्या विषयाचे होते. १००० ओहमच्या रोधकावर ०.३ व्होल्ट म्हणजे ०.०००३ अँपियर प्रवाह. व्होल्ट आणि अँपियर गुणले की वॅट निघतात. आमच्या बरणीची शक्ती निघाली ०.००००९ वॅट. विहारात एलईडीचा साधा दिवा ९ वॅटचा आहे. नऊ भागिले ०.००००९ केले. उत्तर आले १,००,०००. मुलांनी तीन वेळा भागाकार केला, उत्तर तेच. एका दिव्याला एक लाख बरण्या! बरणी, कार्बन आणि तार मिळून चाळीस रुपये धरले तरी एका दिव्याला चाळीस लाख रुपये.

कोणी म्हणेल, तुमची बरणी म्हणजे पोरखेळ, प्रयोगशाळेत याहून चांगले होत असेल. होते, आणि तेही पाहायला हवे. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. एस. वेंकट मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खानावळीतल्या मिश्र अन्नकचऱ्यावर असे घट चालवले. त्याचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आयआयटी खरगपूरच्या प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या चमूने २०१० मध्ये आणखी जवळची गोष्ट केली. अशा घटात दोन बाजूंच्या मध्ये एक पडदा लागतो आणि तो फार महाग पडतो. त्यांनी त्याच्या जागी मातीचे मडके वापरले आणि भातगिरणीच्या सांडपाण्यावर घट चालवला. मडक्याच्या ज्या झिरपण्याने आपल्या माठातले पाणी गार होते, तेच झिरपणे इथे कामी आले.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे प्रा. योआनिस येरोपुलोस यांच्या चमूने २०१३ मध्ये मूत्रावर चालणाऱ्या घटांतून मोबाइल फोन चार्ज करून दाखवला. २०१५ मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेबरोबर त्यांनी अशी मुतारी उभारली, जिचा दिवा तिथल्याच मूत्रावर लागतो. हेतू असा की निर्वासितांच्या छावण्यांत रात्री अंधारात शौचाला जाणाऱ्या बायका-मुलींना उजेड मिळावा. ज्यांच्या आया-बहिणींनी अंधारात डबा धरून वाट तुडवली आहे, त्यांना या एका दिव्याची किंमत सांगायला नको.

तेव्हा हे शास्त्र खोटे नाही आणि टाकाऊही नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत पाण्यात हवा फुंकण्यासाठीच केंद्राची निम्म्याच्या आसपास वीज जाते. जे जिवाणू हवा न फुंकता घाण खातात आणि वर थोडी वीजही देतात, त्यांचा तिथे पुढे मोठा उपयोग होऊ शकतो. पण आज पंचाहत्तर हजार भरून विहाराचे सगळे दिवे त्यांच्यावर लागतील, हे काही आमच्या हिशेबात बसले नाही.

खरकट्याचा दुसरा रस्ता

मग खरकटे वायाच जाऊ द्यायचे का? नाही. त्याचा जुना आणि खात्रीचा रस्ता आहे तो गॅसचा. हवाबंद टाकीत अन्न कुजले की दुसऱ्या जातीचे जिवाणू मिथेन वायू तयार करतात. तो चुलीत जळतो आणि जनित्र फिरवून वीजही देतो. महाराष्ट्रात हे आजचे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरल्याची नोंद आहे. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांच्याच वसाहतीत घाणीपासून उजेड करण्याचा हा प्रयोग झाला, ही गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावते.

पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' नावाचे संयंत्र विकसित केले. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या एकमेकींत उलट्या बसवून घरगुती संयंत्र तयार केले. ते शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ टाकाऊ पदार्थांवर चालते. त्या कामाला २००६ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मुंबईत हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर २०२२ मध्ये अन्नकचऱ्याच्या गॅसपासून वीज करून त्यावर विजेच्या गाड्या चार्ज करण्याची सोय सुरू झाली.

आणि आपले सोलापूरही यात मागे राहिले नाही. २०१३ च्या सुमारास आपल्या शहरात कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याची आखणी रोजच्या ४०० टन कचऱ्यावर ३ मेगावॅट विजेची होती. तुलनेला सांगतो. आपल्याजवळ फताटेवाडी-आहेरवाडीला कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र २०१७ आणि २०१९ मध्ये दोन टप्प्यांत सुरू झाले. ते १३२० मेगावॅटचे आहे, म्हणजे ४४० पट. कचऱ्याने शहराची भूक भागत नाही, पण कचऱ्याचा डोंगर कमी होतो आणि वर वीज मिळते. दुहेरी फायदा आहे तो असा.

पण या प्रकल्पांचे एक दुखणे आहे. लखनौला २००३ मध्ये ५ मेगावॅटचा असाच प्रकल्प सुरू झाला आणि लवकरच बंद पडला. कारण येणाऱ्या कचऱ्यात माती, दगड, प्लॅस्टिक सगळे एकत्र. जिवाणूंना भात पचतो, विटांचे तुकडे पचत नाहीत. कोट्यवधींचे यंत्र अडते ते आपल्या घरातल्या एका बादलीपाशी.

आमच्या चाळीस घरांचा हिशेब

वस्तीत आम्ही आठवडाभर वजनकाटा घेऊन फिरलो. पहिलेच सत्य असे निघाले की विहारात रोज खरकटे नसतेच! ते निघते वर्षातून पाच-सहा कार्यक्रमांना. जिवाणूंना तर रोज जेवण लागते. तेव्हा रोजचे खरकटे घराघरांतूनच यायला हवे. भाजीची देठे, साली, शिळे अन्न मिळून घरटी सरासरी अर्धा किलो निघाले. चाळीस घरांचे वीस किलो.

१०० किलो अन्नकचऱ्यापासून साधारण १० घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे आमच्या वीस किलोंचा रोज २ घनमीटर. त्यापासून लहान जनित्रावर वीज केली तर रोज तीन-चार युनिट. चुलीला वापरला तर रोज सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम, म्हणजे सोळा दिवसांत एक १४.२ किलोचा सिलिंडर. वीज करताना गॅसमधली बरीच उष्णता वाया जाते आणि जनित्राचा खर्च वेगळा. आमच्या बचत गटाच्या बायका कडक भाकरीचा धंदा करतात. भट्टीपुढे दिवस काढणाऱ्या त्या बायांना तीन युनिट विजेपेक्षा महिन्याचे दोन सिलिंडर जास्त मोलाचे आहेत. जमाखर्चाची वही इथे स्पष्ट बोलली.

दोन महिन्यांनी बैठक झाली. आम्ही आकडे मांडले, मुलांनी दोन्ही बरण्या दाखवल्या. यंत्र घ्यायचे नाही, हे पाच मिनिटांत ठरले. गॅसची टाकी करावी, यावरही एकमत झाले. मग कोणीतरी विचारले, "पण घराघरातले खरकटे गोळा करून टाकीपर्यंत नेणार कोण?" लगेच उत्तर आले, "त्यात काय, दोन बाया लावू की. सफाईतून निवृत्त झालेल्या मावशी आहेत, त्यांना सवय आहे."

मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "सवय नव्हती बाबा, नाइलाज होता. तुमच्या घरचं खरकटं तुमच्या हातानं आणा. मी माझं आणीन."

सभागृहात शांतता झाली. आम्हीही मान खाली घातली, कारण आम्हीही मनातल्या मनात ते काम दुसऱ्याच कोणावर टाकले होते. जातीने आपल्या माथी मारलेले काम आपणच आपल्यातल्या सर्वांत गरीब बाईच्या माथी मारणार असू, तर गॅस निघाला काय आणि वीज निघाली काय!

त्या रात्री आम्ही बैठकीत बाबासाहेबांच्या एका कामाची आठवण करून दिली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी हा विषय देशाच्या गरिबीशी जोडून मांडला. वीज स्वस्त असावी आणि भरपूरही असावी, उद्योग वाढावेत आणि माणसाची दारिद्र्यातून सुटका व्हावी, ही त्यांची दृष्टी होती. म्हणजे विजेचा प्रश्न शेवटी माणसाच्या कष्टाचा प्रश्न आहे. ज्या विजेने एकाचे कष्ट दुसऱ्याच्या अंगावर ढकलले जातात, ती वीज त्या दृष्टीत बसत नाही.

बैठकीत ठरले ते असे. टाकीचे पैसे आत्ता काढायचे नाहीत. आधी तीन महिने प्रत्येक घराने ओले आणि सुके वेगळे ठेवायचे. घराघरात कचरा वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बंधनकारक केले होते, आपण नवे काही करत नाही. ओल्याची बादली प्रत्येक घराने आपापल्या हाताने आणायची आणि त्यात पुरुषांचीही पाळी असेल. फळ्यावर रोजचे वजन लिहायचे. तीन महिने सलग रोज वीस किलो स्वच्छ खरकटे जमले, तरच टाकी. टाकीची देखरेख जो करील त्याला ठरलेली मजुरी आणि हातमोजे मिळतील. आणि एक नियम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: टाकीत कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने उतरायचे नाही. बंद टाकीतला वायू क्षणात माणसाचा जीव घेतो. गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना आपली किती माणसे गेली, हे वेगळे सांगायला नको. संरक्षणाच्या साधनांशिवाय अशा टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमची टाकी बाहेरूनच रिकामी करता येईल, अशीच बांधली जाईल.

आज दोन महिने झाले. चाळीसपैकी एकतीस घरांच्या बादल्या येतात. वजन कधी सोळा किलो, कधी अठरा. वीस अजून सलग होत नाही. पुरुषांची पाळी चुकते, हेही खरेच लिहिले पाहिजे. एक फायदा मात्र कोणी धरलाच नव्हता. फळ्यावर वजन लिहायला लागल्यापासून शिळे अन्न कमी झाले आहे. पुढच्या कार्यक्रमाला आचाऱ्याला आधी माणसे मोजून आकडा दिला आणि खरकटे पहिल्या वेळेच्या निम्मेही निघाले नाही. त्यामुळे टाकीला खाद्य कमी पडेल, म्हणून मुले कुरकुरतात! आम्ही त्यांना सांगतो, न वाया गेलेल्या भाकरीत टाकीतल्या गॅसपेक्षा जास्त ताकद असते.

बरणी अजून विहाराच्या खिडकीत आहे. दर रविवारी मुले तिला चमचाभर पेज घालतात आणि मीटर लावून आकडा वहीत लिहितात. आपल्या वस्तीत कोणी असा दिवा घेऊन आला, तर त्याला हाकलू नका आणि लगेच वर्गणीही काढू नका. पट्ट्या कशाच्या ते विचारा, जोडीला दुसरी बरणी ठेवा, भागाकार करा. आणि सर्वांत शेवटी, पण न चुकता विचारा की यातले काम कोणाच्या हातांनी होणार आहे.